बार उडाल्यानंतरचे सहा तास

मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
आणि मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
यांस सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षं मी सिंधुदुर्गात सर्जन म्हणून काम करतो आहे. माझ्या टेबलावर येतं ते बहुतेक रोजचंच असतं. हर्निया, अपेंडिक्स, माडावरून पडलेले, हायवेवर धडकलेले. पण दर वर्षी पावसाळा सरता सरता आणि पुढे काजू-आंब्याच्या दिवसांत काही माणसं हातापायात छर्रे घेऊन येतात. ती फार नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल बैठक होत नाही, परिपत्रक निघत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचा पाय गोळीने जात नाही. गोळी लागल्यावर जे तास वाया जातात, त्यांत तो जातो. हे पत्र त्या तासांविषयी आहे.

ते आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो, त्याला कारण आहे. शेतकऱ्याच्या बंदुकीचा परवाना आपल्या कार्यालयातून निघतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तिचा उपयोग खरोखर शेती राखायलाच होतो. रुग्णालयासाठी जिल्हा नियोजनातून एखादं यंत्र मंजूर करायचं तर तो कागदही आपल्याच टेबलावर येतो. बंदुकीची फाइल एका कपाटात, रुग्णालयाची दुसऱ्या. त्या दोन फायली एकत्र उघडाव्यात एवढीच माझी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. भात पोटरीत आलेलं, रानडुकरांनी शेताचे दोन कुणगे लोळवलेले. चौघे राखणीला गेले, बरोबर बंदूक. पहाटेच्या सुमारास झुडूप हललं, बार उडाला आणि तो त्यांच्यातल्याच एकाच्या गुडघ्याच्या मागे लागला. वय पस्तिशीच्या आतलं. अंतर दहा-बारा पावलं. सोबत्यांनी त्याला मांगरात नेलं, जखमेत हळद आणि चुना भरला, मांडीला काथ्याचा सुंभ आवळला आणि उजाडेपर्यंत बसून राहिले. दवाखाना तिथून पाऊण तासावर होता. ते गेले नाहीत, कारण परवानगीशिवाय डुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि आपण सगळे आत जाऊ असं त्यांना वाटलं. सकाळी एका ठिकाणी नेऊन सांगितलं, खुंट घुसला. तिथे जखम शिवली, इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. माझ्याकडे तो आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. पाऊल मेणासारखं पांढरं आणि गार. बोटं हलत नव्हती, टाचणी टोचलेली कळत नव्हती. बायको पायथ्याशी उभी राहून एकच विचारत होती, "डॉक्टरानु, पाय रवतलो मा?"

पाय राहिला नाही. गुडघ्याच्या वर कापावा लागला. आज तो गावात किराणा दुकान चालवतो, मला भेटला की हसतो. पण ज्या कुणग्यासाठी तो राखणीला बसला होता, त्यात तो पुन्हा उतरला नाही.

गुडघ्याच्या मागे एकच मोठी धमनी जाते. ती वर आणि खाली बांधल्यासारखी घट्ट असते, त्यामुळे धक्का आला की बाजूला सरकू शकत नाही. तिला वळसा घालून रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या आहेत, पण पूर्ण पाय जगवायला त्या पुऱ्या पडत नाहीत. धमनी तुटली की पोटरीच्या स्नायूंना साधारण सहा तास मिळतात. त्यानंतर रक्त परत सुरू केलं तरी स्नायू उठत नाहीत. उलट मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि इतर घाण रक्तात मिसळून मूत्रपिंड आणि हृदय धोक्यात येतं. त्या माणसाला मी नऊ तासांनी पाहिलं.

ही गोष्ट जगाने युद्धांत शिकली आणि फार महागात शिकली. दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनीच्या जखमांचा अभ्यास डीबेकी आणि सिमोन या अमेरिकन सर्जननी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा तुटलेली धमनी बहुधा बांधूनच टाकत. गुडघ्यामागची धमनी जखमी झालेल्यांपैकी दहातल्या सातांहून अधिक जणांचे पाय कापावे लागले होते. पुढे कोरियाच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने लवकर उचलू लागले आणि धमनी बांधण्याऐवजी जोडू लागले, तेव्हा धमनीच्या जखमांमधलं पाय कापण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं. हे कुठल्या एका नव्या औषधाने झालं नाही. माणूस वेळेत पोचला आणि पोचल्यावर जोडणारा हात तिथे होता. आमच्याकडे फोंडाघाट किंवा आंबोली चढून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं, नाहीतर खाली गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. भुईबावडा-करूळ घाटांकडे दरड पडली असेल त्या रात्री तर विचारायलाच नको. म्हणून सहा तासांतला मोठा भाग घाटात जाणार हे गृहीत धरून आखणी केली पाहिजे.

जखमेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चूक इथेच होते. बंदुकीची जखम बाहेरून लहान दिसते. आत मात्र वेगळंच असतं. रायफलच्या वेगवान गोळीच्या वाटेभोवती मांस क्षणभर फुगतं आणि परत बसतं, त्या धक्क्याने वाटेपासून लांबचे स्नायूही मरू शकतात. आपल्याकडे रायफल क्वचित. आपल्याकडे काडतुसाची बारा बोअर, नाहीतर ठासणीची. छर्ऱ्यांचा वेग कमी असतो, पण जवळून उडालेला बार पसरायला जागाच मिळत नाही, सगळे छर्रे एका मुठीसारखे आत शिरतात आणि मांस, हाड, नस एकदम फाडतात. काडतुसातली चकती किंवा ठासणीतला काथ्या आणि चिंध्यांचा बोळा त्यांच्यामागोमाग आत जातो. लुंगीचा तुकडा जातो, चिखल जातो. ठासणीत काही जण छर्रे संपले की खिळ्यांचे तुकडे भरतात, तेही मी काढलेले आहेत. "गोळी गरम असते, तिने जंतू मरतात" हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते खोटं आहे. लुई ला गार्द या अमेरिकन लष्करी सर्जनने १८९० च्या दशकात गोळ्यांना मुद्दाम जंतू लावून त्या झाडल्या आणि जंतू जिवंत राहतात हे दाखवून दिलं.

अशी जखम शिवायची नसते. हे वाक्य दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहावं असं मला वाटतं. मी स्वतः नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पोराच्या दंडाची छर्ऱ्याची जखम धुतली आणि सुबक टाके घातले. वडील खूश झाले, मीही. तिसऱ्या दिवशी दंड टरटरून फुगला, कातडी ब्राँझसारखी झाली, दाबलं की खाली वायूची कुरकुर लागायची. गॅस गँगरीन. ते पोर वाचलं, हात खांद्यातून गेला. मातीतले हे जंतू हवा नसलेल्या मेलेल्या मांसात वाढतात. मी टाके घालून त्यांना तशी खोली बांधून दिली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत बंदुकीची जखम मी पहिल्या दिवशी शिवलेली नाही.

करायचं असतं ते असं. जखम लांब उघडायची, भरपूर सलाइनने धुवायची आणि मेलेलं मांस कापून काढायचं. आम्ही त्याला डिब्राइडमेंट म्हणतो. मेलेलं कोणतं हे ओळखायला चार खुणा आहेत: रंग, घट्टपणा, चिमटा लावला की आकसणं आणि कापलं की रक्त येणं. जिवंत स्नायू लालबुंद असतो, चिमट्याला उत्तर देतो. मेलेला काळपट, लिबलिबीत, गप्प. कातडी मात्र जपायची, ती चिवट असते आणि पुढे झाकायला लागते. मग जखम उघडी ठेवून, ओल्या गॉजने सैल झाकून, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा थिएटरमध्ये पाहायची. स्वच्छ असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी बंद करायची, नाहीतर कातडी लावायची. नातेवाइकांना ही उघडी जखम पाहवत नाही. "डॉक्टरांनी शिवलंसुद्धा नाही" असं गावभर होतं. त्या दडपणाखाली तरुण डॉक्टर टाके घालतात, आणि मला त्यांचं मन कळतं. आपल्या सहीचं एक पत्र त्यांच्या हातात असलं तर त्यांना नातेवाइकांसमोर उभं राहता येईल. दुरून उडालेल्या बाराचे पसरलेले, कातडीखालचे चार-दोन छर्रे ही वेगळी गोष्ट. तिथे पायाची नाडी बघून, जखम धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन बहुधा भागतं.

छर्रे काढायचे का? दर वेळी हाच प्रश्न पहिला येतो. गावात तर "गोळी काढली का?" म्हणजेच ऑपरेशन. खरं तर मांसात रुतलेले बहुतेक छर्रे तसेच ठेवलेले चालतात. त्यांच्यामागे चाकू घेऊन फिरणं हेच जास्त नुकसानीचं. सांध्यात गेलेला छर्रा मात्र काढावाच लागतो, कारण सांध्यातल्या पाण्यात शिसं विरघळतं, सांधा खराब करतं आणि पुढे रक्तातही भिनतं. नसेवर किंवा धमनीवर टेकलेला, तळव्यात टोचणारा, तोही काढायचा. काढताना धातूच्या चिमट्याने धरायचा नाही, त्यावरच्या खुणा पुसतात आणि त्या पोलिसांना लागतात. रबर लावलेल्या चिमट्याने किंवा बोटाने काढून, डबीत सील करून, पावती घेऊन द्यायचा.

मोडलेलं हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट, एक्स्टर्नल फिक्सेटर, तासाभरात बसते. कातडीतून हाडात पिना घालून त्या बाहेर सळीला जोडायच्या. जखम उघडी राहते, हाड हलत नाही, जोडलेली धमनी ताणली जात नाही. हाताच्या पंजासाठी मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' पद्धत आहे, तिच्या बारीक तारा आणि सळ्या स्वस्त आहेत आणि जगभर वापरल्या जातात. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांमध्ये कणकवली असो, सावंतवाडी, कामथे, कळंबणी किंवा दापोली, रात्री दोन वाजता यातलं जे लागेल ते कपाटातून बाहेर निघालं पाहिजे, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे शिपायालाही माहीत असलं पाहिजे.

पोटरीबद्दल एक गोष्ट राहिली आणि ती सोडून चालणार नाही. गुडघ्याखाली स्नायू चार घट्ट कप्प्यांत असतात. मार लागला किंवा रक्त थांबून परत सुरू झालं की स्नायू सुजतात, कप्पा ताणत नाही, आणि आतल्या आत रक्तपुरवठा दाबला जातो. रुग्ण ओरडत असतो, इंजेक्शनने दुखणं थांबत नाही, पायाची बोटं हळूच वर ओढली तर किंकाळी फोडतो. नाडी लागत असते, म्हणून डॉक्टर निर्धास्त राहतात. तिथे पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करावे लागतात, त्याच रात्री. ही फॅसिओटॉमी कोणताही सर्जन करू शकतो. शिकवली मात्र पाहिजे. नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, उलट आहे. गोळीच्या धक्क्याने बधिर झालेल्या बऱ्याच नसा तुटलेल्या नसतात, काही महिन्यांत परत येतात. तोवर मनगट किंवा पाऊल लुळं पडू नये म्हणून पट्टी आणि व्यायाम.

आता दुसरी रात्र. तीन वर्षांपूर्वी एका वाडीत बंदूक साफ करताना बार उडून मुलाच्या मांडीत गेला. रक्ताची पिचकारी. त्याच्या मावशीने, जी आशाताई आहे, पंचाची घडी करून जखमेत कोंबली आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबून धरली. तरीही रक्त थांबेना, तेव्हा जखमेच्या चार बोटं वर ओढणीची रुंद पट्टी बांधून तिच्यात लाटणं अडकवून पीळ दिला, रक्त थांबेपर्यंत. कपाळावर पेनाने वेळ लिहिली: ९.४०. गावातला सुंभ बारीक असतो, तो कातडीत रुततो, वरवरच्या शिरा दाबतो पण धमनी दाबत नाही, आणि रक्त उलट वाढतं. रुंद पट्टी आणि पीळ हेच टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा, फक्त कारखान्यात न बनलेलं. ते दोन तासांच्या आत सुटलं पाहिजे. १०८ ची गाडी आली, आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी सेफाझोलिन हे जंतुनाशक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाय ताणून स्थिर धरणारं थॉमस स्प्लिंट लावलं, आणि मला फोन केला. मी थिएटर तयार ठेवून वाट पाहत होतो. मांडीतली धमनी अर्ध्या बोटाएवढी उडाली होती. मला ती नीट जोडता येणार नाही हे मला माहीत होतं. मी दोन टोकांत निर्जंतुक प्लास्टिकची नळी घालून बांधली, रक्त खाली गेलं, पाऊल गुलाबी झालं. पोटरीचे कप्पे मोकळे केले, जखम साफ करून उघडी ठेवली आणि त्याला तसाच पुढे पाठवला. तिथे सकाळी दुसऱ्या पायातली शीर उलटी करून धमनीच्या जागी बसवली. तो मुलगा आता दशावतारात नाचतो.

यात एकही वस्तू अशी नाही जी आपल्या जिल्ह्यात येऊ शकत नाही. मला अडखळायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्या मावशीने हे सगळं एका प्रशिक्षणात शिकलं होतं, आणि तिला शिकवणारा योगायोगाने होता. योगायोगावर परवाने देता येत नाहीत.

म्हणून आपल्याकडे मागणं असं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांनी येतं, ते फार लांब. पण निवडणूक लागली की परवानाधारक बंदुका घेऊन पोलीस ठाण्यात येतात. त्या दिवशी तासभर त्यांना बसवा. दाबून कसं धरायचं, पीळ कसा द्यायचा, वेळ कशी लिहायची, हळद-चुना का भरायचा नाही, पाणी आणि खाणं का द्यायचं नाही, हे एका खुर्चीवर बसलेल्या स्वयंसेवकाच्या मांडीवर दाखवता येतं. नूतनीकरणाला हे प्रशिक्षण अट म्हणून जोडता येईल का, हे आपले विधी अधिकारी सांगतील. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि १०८ मध्ये दोन टुर्निके आणि थॉमस स्प्लिंट असावं. उपजिल्हा रुग्णालयात फिक्सेटर, धमनीतलं रक्त वाहतंय का हे आवाजाने सांगणारा, हातात धरायचा डॉपलर, आणि वर्षातून एकदा तिथल्या सर्जनना नळी घालणं आणि कप्पे उघडणं शिकवणारी कार्यशाळा. ओरोस आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शिकवणारे हात तिथे आहेत. आणि बांबोळी, कोल्हापूर, मुंबई इथल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनशी बोलायला एक ठरलेला नंबर, जो रात्री उचलला जातो. रुग्णाला आधी इकडे मग तिकडे फिरवण्यात जे दोन तास जातात, ते पायाच्या हिशेबातून जातात.

शेवटची गोष्ट भीतीची, आणि ती सगळ्यांत जड आहे. मी शिकारीची बाजू घेत नाही. रुग्णालयात बंदुकीची जखम आली की पोलिसांना कळवणं आमचं कर्तव्य आहे आणि आम्ही ते करणारच. पण परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. हे गावात कुणाला माहीत नाही. उलट "पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत" हेच सगळ्यांना माहीत आहे. आपण आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून मालवणीत, संगमेश्वरीत, साध्या चार ओळींचं पत्रक काढावं, पोलीस पाटलांमार्फत ते वाडीवाडीत वाचलं जावं: बार लागला तर खुंट म्हणू नका, बार म्हणा, किती लांबून लागला ते सांगा, लगेच या, उपचार आधी होतील. ठासणीची होती की काडतुसाची, हे खरं कळलं की माझा अर्धा तास वाचतो आणि जखम शिवण्याची चूक टळते.

पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात बंदुका जमा करण्याचा दिवस ठरला की मला तालुका आणि ठाणं कळवावं. मी स्वखर्चाने येईन, पंचा, लाटणं आणि पेन घेऊन. ती आशाताईही यायला तयार आहे. तिला मी विचारलं आहे.

आपला नम्र,
सिंधुदुर्गातील एक सर्जन